उत्तर बरोबर, तरी डाउनव्होट. विचारलं तर आयडीच बंद. दाद मागायची कुठे?

गोकुळपेठी (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे आणि थोडी भडासही काढायची आहे, आधीच सांगून ठेवतो.

घरगुती दुरुस्तीवर प्रश्नोत्तरं चालतात अशा एका संकेतस्थळावर मी अधूनमधून लिहितो. नाव मुद्दाम देत नाही. तिथे एकाने विचारलं, कूलर लावूनही खोलीत चिकचिक होते, गार वाटत नाही, काय करू? मी लिहिलं, कूलर खिडकीत बाहेरच्या अंगाला बसवा आणि चालू असताना समोरची खिडकी नाहीतर दार चार बोटं उघडं ठेवा. खोली बंद केली तर तीच ओली हवा आतल्या आत फिरत राहते. वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजतात, ती सुईने मोकळी करा, म्हणजे गवत सगळीकडून सारखं भिजेल. एवढंच. आमच्या नागपुरात गोकुळपेठेतलं शाळकरी पोरगंही हेच सांगेल.

संध्याकाळपर्यंत डाउनव्होट, म्हणजे नापसंतीची उणी मतं, पडून उत्तर उण्यात. कारण कोणी लिहीना. आणि माझ्याखालचं 'खिडक्यादारं घट्ट लावा, नाहीतर गारवा बाहेर जातो' हे उत्तर सगळ्यात वर! मी विचारलं, डाउनव्होट देणाऱ्यांनी समोर येऊन काय चुकलं ते सांगावं. उत्तर नाही, वर आणखी एक डाउनव्होट. मग जरा तिखट लिहिलं की ज्यांनी जन्मात कूलर पाहिला नाही ते इथे मतं देत बसलेत. रात्री तो प्रतिसाद उडाला, उत्तराला कुलूप लागलं आणि माझी आयडी आठवड्यासाठी बंद. कारणाच्या जागी एक ओळ, 'सभ्यतेच्या धोरणाचा भंग'.

चुकीचं उत्तर वर, बरोबर उत्तर खाली आणि शिक्षा विचारणाऱ्याला. याला काही इलाज आहे, की सोडून द्यायचं?

तर्री_जास्त

कायले डोकं तापवून घेऊन राह्यला भाऊ? थ्या उण्या आकड्यानं तुह्या घरचा कूलर बंद पडला का? मले तर असे लय पडतात, मी पाहतच नाही. तू रात्रभर रिफ्रेश मारून राह्यला असशीन, मी पैजेवर सांगतो.

इतवारीकर

कंपूबाजी, दुसरं काही नाही. प्रत्येक संकेतस्थळावर जुन्या आयड्यांचं एक टोळकं असतं. आपसात 'अहो रूपम् अहो ध्वनिः' आणि नव्याने तोंड उघडलं की तुटून पडायचं. मॉडरेटरही त्यांच्यातलाच. मी आता सगळीकडे वाचनमात्र आहे, रक्तदाब नॉर्मल आहे.

खटपट्या

इतवारीकर, कंपू असतात, मान्य. पण प्रत्येक उणं मत कंपूचं नसतं, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे प्रोग्रामिंगवरच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ, त्याचं सांगतो, कारण माझी निम्मी नोकरी तिथल्या उत्तरांवर चालते आणि तिथले नियम उघड आहेत. २००८ पासून चालू आहे. अपव्होट द्यायला १५ गुण लागतात, डाउनव्होट द्यायला १२५. म्हणजे आज आयडी काढून आज कोणाला पाडता येत नाही. उत्तराला डाउनव्होट दिला की लिहिणाऱ्याचे २ गुण जातात आणि देणाऱ्याचाही १ जातो. प्रश्नाला दिला तर देणाऱ्याचं काही जात नाही, म्हणून तिथे प्रश्न विचारणारे नवे लोक जास्त मार खातात, हे माझं मत. आणि कोणी खुन्नस म्हणून तुमच्या प्रोफाइलवर जाऊन जुनी उत्तरं एकामागून एक पाडायला लागला, तर रोज चालणारी एक स्क्रिप्ट तो प्रकार हेरून ती मतं उलटवते. तेव्हा एक दिवस थांबायचं. नाहीच उलटली, तर मॉडरेटरला कळवायचं.

तुमचं प्रकरण तसं दिसत नाही. एकाच उत्तराला वेगवेगळ्या लोकांनी दिलेली मतं आहेत. चुकीची असतील, पण चुकीचं मत देणं हा नियमभंग नाही. त्यावर तक्रार चालत नाही, कुठेच नाही.

गोकुळपेठी

म्हणजे चुकीचं उत्तर वर राहणार आणि आपण बघत बसायचं?

आकडेमोड

यावर थोडं संशोधन झालेलं आहे आणि ते तुम्हाला वाटतं तितकं निराश करणारं नाही.

२०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत मुचनिक, अराल आणि टेलर यांचा एक प्रयोग छापून आला. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिसादांपैकी काहींना त्यांनी लिहिल्या लिहिल्या खोटं अधिक मत दिलं, काहींना खोटं उणं, आणि बाकीच्यांना हात लावला नाही. खोटं अधिक मिळालेल्या प्रतिसादाला पहिल्या वाचणाऱ्याकडून आणखी एक अधिक मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. खोट्या उण्याचं मात्र तसं झालं नाही. पुढे येणाऱ्यांनी अधिक मतं देऊन ते बरचसं भरून काढलं.

त्यामुळे मला तुमच्या डाउनव्होटपेक्षा त्या वरच्या उत्तराची काळजी जास्त वाटते. त्याला सुरुवातीलाच दोन-चार अपव्होट पडले असणार आणि पुढचे लोक आकडा बघून चढवत गेले.

दुसरा अभ्यास चेंग, दानेस्कु-निकुलेस्कु-मिझिल आणि लेस्कोव्हेक यांचा, २०१४ चा. चार मोठ्या संकेतस्थळांवरचे प्रतिसाद तपासले. ज्यांना उणी मतं पडली ते नंतर जास्त लिहायला लागले, त्या लिखाणाचा दर्जा घसरला, आणि तेही इतरांना जास्त उणी मतं द्यायला लागले. सोडून कोण गेलं? ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही ते.

गोकुळपेठी, राग मानू नका, पण तुमचा तो कूलरवाला टोमणा या अभ्यासात चपखल बसतो.

दादर_पश्चिम

मी त्या संकेतस्थळावर आहे. तुमचं उत्तर वाचलं होतं. त्यातला एक डाउनव्होट माझा आहे.

कारण सांगतो. प्रश्नात 'चिकचिक' लिहिलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चौतीसच्या आसपास असतो, पण आर्द्रता सत्तर टक्के. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, तो हवेला ओल्या काट्याच्या तापमानाखाली (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मोजतात ते) नेऊच शकत नाही, आणि आमच्याकडे ते तापमानच २९ च्या घरात असतं. खिडकी उघडा, बंद करा, छपरावर चढवा, कूलर चार अंशांपेक्षा जास्त काही देणार नाही, वर घामाला चिकटपणा येणार. अशा माणसाला 'पन्हाळीची भोकं सुईने मोकळी करा' हे उत्तर उपयोगाचं नाही. त्याने कूलर विकावा.

इतवारीकर

सापडला चोर! अरे मग तिथेच लिहायला काय हात मोडले होते? मुंबईवाल्यांना वाटतं सगळा महाराष्ट्र दादरलाच राहतो.

तर्री_जास्त

आता मजा येऊन राह्यली. धाग्याचं काश्मीर होणार. मी पोहे आणतो, तुम्ही चालू द्या.

गोकुळपेठी

दादरकर, नागपुरात मेमध्ये ४४ अंश आणि पंधरा-वीस टक्के आर्द्रता असते. ओल्या काट्याचं तापमान चोवीस-पंचवीस. म्हणजे चांगला कूलर पंधरा अंश सहज उतरवतो, आणि तुम्ही म्हणता विकावा? इथे घराघरात खिडकीला पत्र्याचा कूलर लटकतो. मार्च उलटला की गवत बदलणारे गल्लीत आरोळ्या देत फिरतात. प्रश्नकर्त्याने गाव लिहिलं नव्हतं. मग तुम्ही मुंबई धरलीत ती कशावरून?

दादर_पश्चिम

ज्या कशावरून तुम्ही नागपूर धरलंत त्यावरूनच.

जुनी_संपादक

इतवारीकर, 'सापडला चोर' हे मागे घ्या. इथे माझ्या हातात काही नाही, नुसती विनंती आहे. पण एवढं बघा, धागाकर्त्याला हवं होतं की डाउनव्होट देणाऱ्याने समोर यावं. एकजण आला, नीट कारण दिलं, आणि पुढचा प्रतिसाद काय आला? उद्या दुसरा कोणी येईल का?

मी एका मराठी संकेतस्थळाच्या संपादक मंडळात बरीच वर्षं होते. पगार नव्हता, नसतोच. दिवसा नोकरी, रात्री जेवणं आटोपली की रिपोर्ट झालेल्या प्रतिसादांची यादी उघडायची. तुम्हाला वाटतं मॉडरेटरने तुमचं प्रकरण वाचलं. त्याला काय दिसतं ते सांगते. एक प्रतिसाद, त्याखाली 'वैयक्तिक टीका' अशी खूण करून पाठवणाऱ्यांच्या तक्रारी, आणि तीन बटणं: ठेवा, काढा, काढून ताकीद द्या. बरोबर उत्तर उण्यात गेलंय, माणूस दुपारपासून कारण विचारतोय, हे त्या यादीत कुठेच नसतं. मतं कोणी दिली हेही बहुतेक ठिकाणी मॉडरेटरला दिसत नाही. म्हणजे तुम्ही त्या माणसाला ज्या अन्यायाचा भागीदार समजता, तो त्याने पाहिलेलाही नसतो. 'ज्यांनी जन्मात कूलर पाहिला नाही' हे वाक्य एकटं वाचा. मी असते तर मीही काढलं असतं.

बंदी मात्र नसती घातली. पहिल्याच वेळी आठवडा जास्त होतो. आणि उत्तराला कुलूप लावणं तर मला साफ चुकीचं वाटतं, कारण उत्तरात काही वावगं नव्हतं. भांडण खालच्या प्रतिसादांत होतं, तर कुलूप तिथे लावायचं. हे आळसाने होतं. एका बटणात काम भागतं.

म्हणून गोकुळपेठी, तुमच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या करा. डाउनव्होट, त्यांचं काही होणार नाही, नाव काढू नका. उडालेला प्रतिसाद, तोही सोडा. कुलूप, यावर तुमची बाजू पक्की आहे, तेवढंच मागा. लोक एकाच पत्रात सगळं कोंबतात, वर 'अमक्याने त्या धाग्यावर याहून वाईट लिहिलं होतं, त्याला काही नाही' अशी यादी जोडतात. ती यादी वाचली की मॉडरेटर बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि मग तुमचा खरा मुद्दाही बुडतो.

आणि काहीही झालं तरी डुआयडी, म्हणजे दुसऱ्या नावाने आयडी, काढू नका. आठवड्याची बंदी कायमची होण्याचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

खटपट्या

ताईंच्या मुद्द्याला जोड देतो. डाउनव्होटबरोबर कारण सक्तीचं करा, ही मागणी स्टॅक ओव्हरफ्लोवर फार जुनी आहे आणि पुन्हा पुन्हा फेटाळली गेली आहे. सक्ती केली की लोक कीबोर्डवर हात फिरवून काहीतरी टाइप करतात, आणि जो मनापासून कारण लिहितो तो निशाण्यावर येतो. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानावरच्या चर्चास्थळावर तर नियमांतच लिहिलंय की मतांबद्दल प्रतिसादांत बोलू नका, त्याने कधी काही भलं होत नाही आणि वाचायला कंटाळा येतो.

गोकुळपेठी

हे मला पटत नाही. मत द्यायचं आणि लपायचं, हा कुठला न्याय?

आकडेमोड

मधला मार्ग आहे की. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांवरच्या चर्चास्थळावर नुसतं अधिक-उणं नसतं. उणे १ ते ५ अशी पट्टी आणि प्रत्येक मताला लेबल: माहितीपूर्ण, विनोदी, विषयांतर, भडकाऊ वगैरे. तो अधिकार ठरावीक लोकांना थोड्या वेळापुरता मिळतो, आणि दिलेली श्रेणी योग्य होती का हे आणखी दुसऱ्यांनी तपासायची सोय केली. मराठीत 'ऐसी अक्षरे' या संकेतस्थळावर त्याच धर्तीची श्रेणी आहे, मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण अशी. नाव कळत नाही, पण कशासाठी ते कळतं. तुमच्या उत्तराला कोणी 'अपुरं' असं लेबल लावलं असतं, तर तुम्ही एवढे चिडला असतात का?

गोकुळपेठी

चिडलोच असतो. पण कशावर चिडायचं ते कळलं असतं.

काळा_कोट

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून कायद्याचं थोडं, कारण असा धागा निघाला की कोणीतरी 'कोर्टात खेचा' म्हणतंच.

माहिती तंत्रज्ञानाचे मध्यस्थांसाठीचे, म्हणजे लोकांनी लिहिलेला मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळांसाठीचे, नियम २५ फेब्रुवारी २०२१ ला अधिसूचित झाले. त्यांनुसार मध्यस्थाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ७ दिवसांत (२०२६ च्या दुरुस्तीआधी १५ होते), हा सर्वसाधारण क्रम. ज्या समाजमाध्यमाचे भारतात ५० लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, त्याने स्वतःहून मजकूर काढला तर कारण कळवायचं आणि दाद मागायची संधी द्यायची, असंही त्यात आहे. त्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करायला २०२२ च्या दुरुस्तीने तक्रार अपील समित्या आल्या. मुदत ३० दिवस, सगळं ऑनलाइन. बड्या कंपनीने तुमचं खातंच उडवलं तर हा रस्ता जरूर वापरा. तो फुकट आहे आणि फार लोकांना माहीत नाही.

पण कूलरच्या उत्तरासाठी, चार हौशी माणसांनी चालवलेल्या संकेतस्थळाविरुद्ध? माझी फी परवडणार नाही तुम्हाला.

जाता जाता आपल्याच गावची गोष्ट. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सदस्याने आक्षेपार्ह लिहिलं आणि ॲडमिनचा त्यात सामायिक हेतू नव्हता, तर निव्वळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. त्याच्या हातात असतं तरी काय, माणसं घेणं आणि काढणं, असं न्यायालयाचं म्हणणं. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय ॲडमिनला पुढे २०२२ मध्ये मिळाली. म्हणजे आता हातात कात्री आलीय. ती न वापरल्याचा जाब कोणी विचारेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. मॉडरेटर मंडळी चटकन का कापतात, याचं थोडं उत्तर त्या धास्तीत आहे.

इतवारीकर

दादरकर, 'चोर' मागे घेतो. बाकीचं तसंच राहू द्या.

गोकुळपेठी

ताई, हे लिहिलंय, बघा बरं:

'नमस्कार. आपण माझ्यावर केलेल्या अन्यायकारक कारवाईबद्दल लिहीत आहे. माझं कूलरवरचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या पूर्ण बरोबर असून काही सदस्यांनी आकसाने त्यास उणी मतं दिली. त्यावर मी कारण विचारले असता माझा प्रतिसाद उडवण्यात आला. उत्तरास लावलेले कुलूप काढावे आणि बंदी मागे घ्यावी, अन्यथा मला संकेतस्थळ सोडण्याचा विचार करावा लागेल.'

जुनी_संपादक

'अन्यथा'पासून पुढे खोडा. सोडून जाण्याच्या धमकीने आजवर एकाही मॉडरेटरला झोप लागायची राहिलेली नाही. 'अन्यायकारक' काढा, 'आकसाने' काढा, बंदीचं काढा. मग उरतं ते असं:

'नमस्कार. कूलरच्या प्रश्नावरच्या माझ्या उत्तराला कुलूप आहे. वाद खालच्या प्रतिसादांत झाला, उत्तरात कोणावर टीका नाही. त्यात थोडी भर घालायची आहे, ती कुलपामुळे घालता येत नाही. कुलूप उत्तराऐवजी प्रतिसादांवर ठेवता येईल का?' खाली दुवा द्या.

याला 'हो' म्हणायला मॉडरेटरला कमीपणा वाटत नाही. चूक झाली असं कबूल न करताही तो दुरुस्त करू शकतो.

तर्री_जास्त

ताई, तुम्ही माह्या बायकोले दोन ओळी लिहून द्या न. मलेबी एक अपील कराचं हाय.

गोकुळपेठी

पाठवलं. दोन दिवस काही नाही, आज उत्तर आलं. बंदी कायम, प्रतिसादही परत येणार नाही. उत्तराचं कुलूप काढलं आहे आणि बंदी संपली की मला ते संपादित करता येईल. 'कुलूप चुकून लागलं' असं काही म्हटलेलं नाही. नुसतं 'बदल केला आहे'. मला हे अर्धवटच वाटतं, खरं सांगतो.

जुनी_संपादक

हा मी पाहिलेल्या अपिलांमधला बऱ्यापैकी वरचा निकाल आहे.

दादर_पश्चिम

गोकुळपेठी, माझं मत मला परत घ्यायचं होतं, परवाच जाऊन बघितलं. काही वेळ उलटला की मत पक्कं होतं, उत्तरात बदल झाल्याशिवाय हलत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोसारखंच. तुम्ही 'नागपुरात' एवढा एक शब्द घातलात तरी काम होईल.

गोकुळपेठी

'नागपुरात' नाही घालणार. अकोल्यातल्या माणसाने काय करायचं मग? हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली असेल तर खिडकी उघडी ठेवा, साठच्या वर असेल तर पंप बंद करून नुसता पंखा चालवा, असं लिहितो. ऑगस्टमध्ये आम्हीही तेच करतो.

दादर_पश्चिम

चालेल. आणि मधल्या तीस ते साठवाल्यांनी काय करायचं?

तर्री_जास्त

त्यायनं डाउनव्होट द्याचा.